माझ्या वर्गाच्या हिरव्या खुणा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आणि मी काही मनात ठेवणारी बाई नव्हे – ऑफिसात डच साहेबाची चूक भर मीटिंगमध्ये दाखवते. मग हेच का राहिलं?

इथे नेदरलँड्समध्ये, न्यूनेन गावात आमची रविवारची मराठी शाळा भरते. तिथे मी शिकवते आणि चांगलं शिकवते, उगाच विनय कशाला? तीन वर्षांपूर्वी शाळेच्या समितीने नवा अभ्यासक्रम आणला. दर रविवारी ठरलेला धडा संपवायचा आणि ॲपवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवी खूण करायची. आठवड्यातून दोन तास मराठी ऐकणारी, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देणारी पोरं – त्यांना सहाव्या रविवारी जोडाक्षरं? हे आखणाऱ्याने सात वर्षांच्या मुलासमोर कधी खडू तरी धरला होता का? आम्ही सगळ्याच शिक्षिका वैतागलो होतो.

मी आपली वाट काढली. वर्गात जुनंच शिकवायचं – गाणी, कोडी, भाजीबाजाराचा खेळ – आणि घरी येऊन सगळ्यांच्या नावापुढे हिरव्या खुणा. त्याची मला आजही लाज वाटत नाही. मुलं बोलायला लागली होती. इथवर तुम्हीही मला शाबासकीच द्याल, नाही? पण पुढचं ऐका.

शेजारचा वर्ग सुमेधाताईंचा. ही शाळा त्यांनीच सुरू केलेली; टिलबर्गहून ट्रेन, मग बस करून यायच्या. जे मुलाला खरंच आलं, त्याचीच त्या खूण करत. त्यामुळे त्यांचा तक्ता जवळजवळ रिकामा. समितीने बैठकीत दोघींचे तक्ते भिंतीवर शेजारी-शेजारी दाखवले – हिला जमतं, मग तुम्हाला का नाही? ताई चिडल्या नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, कसं करतेस?

खरं सांगू? त्यांनी मला विचारलं, हे मला फार आवडलं. मी म्हटलं, थोडं नियोजन लागतं, ताई. एवढ्यावर थांबले असते तरी – पण नाही. मी त्यांना दोन पानी नियोजन लिहून दिलं. मी स्वतः एक दिवसही न वापरलेलं.

त्यांनी ते मनापासून वापरलं. आधी तासाची शेवटची दहा मिनिटं ताई मुलांना भारतातल्या आजी-आजोबांशी फोनवर मराठीत बोलायला लावत. ते बंद केलं, कारण माझ्या कागदावर त्याला वेळ नव्हता. मुलं कंटाळली, काही यायची थांबली. मार्चमध्ये ताईंनी वर्ग सोडला. त्या दिवशी सायकल हातात धरून मी त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेले.

“वय झालं गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासारखं शिकवणं मला नाही जमत आता.”

बस यायला चार मिनिटं होती. एक वाक्य पुरलं असतं – आणि ते मला येत होतं. मी म्हटलं, “असं काही नाही हो, ताई,” आणि हवेबद्दल बोलत राहिले.

त्या अजून तसंच समजतात. त्यांचा वर्ग आता मी घेते.