एका ओट्यावरच्या दोन शेगड्या

कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करून करून तिचं नावच काजबाई पडलं होतं. पगार झाला की आधी घरमालक जेवायचा. उरलंसुरलं तिच्या आणि दोन मुलींच्या वाट्याला. मदत कार्यालयातून महिन्याला धान्याची पिशवी मिळायची, म्हणून कसंबसं निभत होतं. मग मालकाने पुन्हा भाडं वाढवलं. भिंतीची ओल तीच, छताची गळती तीच. काजबाईने बोचकं बांधलं आणि मुलींना घेऊन थोरल्या भावाच्या दारात उभी राहिली. भाऊ 'ये' म्हणाला. वहिनी काहीच म्हणाली नाही, आणि ते मात्र सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

भाडं वाचलं, आता पोरींच्या पोटात दोन घास जास्त जातील, असा बिचारीचा भाबडा हिशेब. कार्यालयातला हिशेब शहाण्यांचा होता.

"एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब," खिडकीतल्या साहेबांनी समजावलं. "भावाचा पगार तुमच्यात धरला की तुम्ही गरीब उरत नाही, बाई. पिशवी बंद. स्वयंपाक वेगळा असेल तर गोष्ट वेगळी. आमचा माणूस येऊन बघून जाईल."

म्हणजे महागड्या खोलीत अर्धपोटी राहिलात तर तुमची दया येणार. स्वस्तात राहून पोटभर जेवायला निघालात तर तुम्ही धनाढ्य. धन्य ती अक्कल!

मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला काजबाईची शेगडी आली. पातेली वेगळी, तेल वेगळं, मिठाच्या बरण्यासुद्धा दोन. वहिनीला हा नियम भारीच आवडला. "सरकारचाच हुकूम आहे, वन्सं, मी काय करणार?" म्हणत तिने ओट्याच्या मधोमध खडूने रेघ ओढली.

एकच भानगड होती. वहिनीचा हात मिठाला पहिल्यापासून चिक्कू, आणि अळणी रस्सा भावाच्या घशाखाली उतरत नसे. म्हणून वहिनीची पाठ वळली की काजबाई तिच्या पातेल्यात हळूच चिमूटभर मीठ टाकायची. "हल्ली तुझ्या हाताला चव आलीय," भाऊ बायकोला म्हणायचा, आणि वहिनी फुलून जायची.

तपासनीस आला. त्याने शेगड्या पाहिल्या, बरण्या उघडल्या, खडूची रेघ पाहून तर तो खूशच झाला. "उत्तम! आदर्श!" म्हणत त्याने सहीसाठी पेन काढलं. काजबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वहिनीचा रस्सा उतू जायला लागला. वहिनी तपासनिसासाठी पाणी भरत होती. काजबाईने आच कमी केली आणि सवयीचा हात थेट आपल्या बरणीत जाऊन वहिनीच्या पातेल्यावर झटकला गेला.

"हे काय? यांचं मीठ त्यांच्या पातेल्यात?" तपासनिसाचं पेन थांबलं. "बाई, फसवता होय आम्हाला?" त्याने 'एकच कुटुंब' असं लिहिलं आणि वहिनीने दिलेलं पाणी पिऊन निघून गेला.

काजबाई मान खाली घालून उभी होती. पोरींच्या तोंडचा घास तिनेच घालवला होता, तोही चिमूटभर मिठापायी. वहिनीने रश्शाकडे पाहिलं, मग नणंदेकडे. नवऱ्याने केलेलं कौतुक नक्की कोणाचं होतं, हे तिला आता कळलं.

संध्याकाळी एकाच पातेल्यात दुप्पट पाणी पडलं. वहिनीने पदराने खडूची रेघ पुसली आणि बरणी पुढे सरकवली.

"टाका, वन्सं," ती म्हणाली. "पोट काही भरायचं नाही, निदान चव तरी लागू दे."