विडा उचललेलं घर

त्या वर्षी थंडी सरता सरता माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. वय वीस, मॅट्रिक पास, नवी पेठेतल्या कापडदुकानात कारकुनी, आणि इलाख्याची मोठी निवडणूक तोंडावर आलेली. मताला एकवीस पूर्ण लागत, म्हणजे मला मत नव्हतं. ज्याला मत नसतं त्यालाच निवडणुकीचा ताप जास्त चढतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. जेवताना मी ताटावरून उठायचो, दुकानात गज हातात धरून दाराकडे बघत राहायचो, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "मोजतोयस का नुसतं धरून उभा हायस?"

दुकान बंद झालं की आम्ही चार मित्र चहाच्या हॉटेलात बसून हिंदुस्थानचा निकाल लावायचो. मद्रासकडे वारं कुठलं, पंजाबात कुठलं, आपला इलाखा कुणीकडे झुकणार. मद्रास आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिथल्याबद्दल आमचं ताबडतोब एकमत व्हायचं. माझा खरा अभिमान होता तो गल्ल्यांचा. विणकरांच्या गल्लीत जातीचा प्रमुख म्हणेल तसं, गिरणीच्या चाळीत कामगार भरणारा जॉबर म्हणेल तसं, होटगीचे रेल्वेवाले ड्यूटीवर जे ठरेल तसं, आणि बार्शीकडची गावं ज्या अडत्याकडे धान्य घालतात तो वळेल तशी. माणूस एकट्याने मत देतच नाही, त्याच्या मागे कुणीतरी उभं असतं, असा माझा सिद्धांत होता. तो कुणी खोडला की मला झोप यायची नाही.

आमची पेठ मात्र विड्यावर चालायची. निवडणुकीआधी मठात बैठक भरायची आणि पेठेचे प्रमुख, म्हणजे पंच, ताटात विडे मांडून ठेवायचे. घरटी एका कर्त्या माणसाने उठून एक विडा उचलायचा. उचलला की त्या घराची सगळी मतं पेठेच्या उमेदवाराला बांधली गेली. कागद नाही, सही नाही. या खेपेला पंच स्वतःच उभे होते, आणि पहिला विडा उचलला माझ्या वडिलांनी.

त्याला कारण होतं. माझ्या धाकट्या बहिणीची सुपारी पंचांच्या पुतण्याशी फुटली होती. पोरगा चांगला होता, शिकलेला, निर्व्यसनी. बहीण त्याचं नाव कुणी काढलं की उगाच भांडी घासायला पळायची. एवढ्या मोठ्या घरात मुलगी जाणार म्हणून वडील रस्त्याने जरा ताठ चालायला लागले होते. माझा जीव मात्र खादीच्या पांढऱ्या टोपीवाल्यांच्या उमेदवारावर, आणि मी ते घरात बोलून दाखवलं.

"पोरगी द्यायची तिकडं आन मत दुसरीकडं?" वडील म्हणाले. "लोक शेण घालतील की तोंडात."

बहिणीच्या आड येण्याची माझी छाती नव्हती. पण आतून नुसता चडफडत होतो.

आमच्या घरात मतं दोन. एक वडिलांचं, कर भरत म्हणून, आणि दुसरं अव्वाचं, म्हणजे आईचं, कर भरणाऱ्याच्या बायकोलाही नव्या कायद्याने दिलेलं. अव्वा अक्कलकोटकडची, देवाशी कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. अक्षरओळख नव्हती. तिला फुली कुठे मारायची ते शिकवायचं काम वडिलांनी माझ्यावर टाकलं. ज्याला पाडायला मी गावभर जीभ झिजवत होतो त्यालाच घरात निवडून आणायची शिकवणी! मी फरशीवर खडूने चौकोनी घरं आखून मताची चिठ्ठी काढली. सगळ्यात वरचं घर पंचांचं.

"आन त्याच्याखालचं कुणाचं?" अव्वाने विचारलं.

"टोपीवाल्यांचं. तितं न्हाय मारायची."

"बरं," म्हणाली आणि तिने ओल्या फडक्याने फरशी पुसून टाकली.

मतदानाच्या दिवशी बायकांची वेगळी रांग होती. अव्वा इरकली नेसून, कपाळाला विभूती लावून गेली आणि आली. आल्यावर तिने कढईत फोडणी टाकली. तिला काही विचारावं असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गल्लीगल्लीचा हिशेब मांडणारा मी, अव्वाचं मत वडिलांच्या मतातच धरून मोकळा झालो होतो.

पंच पडले. तेही थोडक्यात पडले, त्यामुळे जास्त लागलं. मी माडीवर जाऊन एकट्यानेच उड्या मारल्या आणि खाली चेहरा पाडून आलो. संध्याकाळी मठातून निरोप आला की विडा फिरवलेलं घर पेठेतच आहे, तेव्हा प्रत्येक कर्त्या माणसाने उद्या येऊन देवापुढचा बेल उचलायचा आणि माझ्या घराची मतं बांधल्या जागी गेली, असं म्हणायचं. वडील निर्धास्त होते.

सकाळी ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून निघाले. अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"बेल उचलू नका," ती म्हणाली. "माझं मत तिकडं न्हाय गेलं."

वडिलांना आधी कळलंच नाही. "चुकून खालच्या घरात मारलीस?"

"चुकून न्हाय. बघून मारली."

बहीणही हातातलं काम टाकून बाहेर आली. मग ती सांगायला लागली. सहा-सात वर्षांपूर्वी शहरात लष्कर आलं होतं, पांढरी टोपी दिसली की रस्त्यावर मारत होते, त्या दिवसांतलं. वडील तेव्हा बार्शीला होते आणि मी आतल्या खोलीत तापाने पडलेलो. माडीच्या खिडकीतून तिला एक विणकराचा तरुण मुलगा शिपायांपुढे पळत येताना दिसला होता. त्याने समोर पंचांचं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं, पंचांनी त्याच्याकडे बघितलं आणि आतून कडी घातली.

"मी जिना उतरून आपलं दार उघडंपर्यंत त्याला ओढत नेला की," ती म्हणाली. "कुटं नेला, काय झालं, काय कळलं न्हाय."

वडील खाली बसले. एवढी वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी तिला त्या दिवसांचं विचारलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी माझी नजर बहिणीकडे गेली. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा रंग उतरला होता.

खोटा बेल उचलला असता तर कुणाला कळणार होतं? फुली पडद्याआड मारलेली, कुणी पाहिली नव्हती. मी तसं हळूच बोललोही. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

त्यांच्यामागे मीही मठात गेलो. त्यांची पाळी आली. पंचांनी बेलाचं तबक पुढे सरकवलं. वडिलांनी हात जोडले, तबकाला हात लावला नाही.

"घरात दोन मतं हायत," ते म्हणाले. "माझं एक मी हितंच दिलंय. तिच्या मताचा बेल मी कसा उचलू?"

पंचांनी तबक दुसऱ्यापुढे सरकवलं. वडील चपला घालून निघाले. रस्त्यात त्यांचा पाय दोनदा अडखळला, मी हात धरायला गेलो तर त्यांनी झिडकारला.

दोनच दिवसांनी पंचांकडचा माणूस आला. बहिणीला दिलेलं लुगडं परत मागितलं, पुढची बोलणी थांबली म्हणाला. लुगडं बहिणीनेच आतून आणून त्याच्या हातात दिलं. तो गेल्यावर मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. टोपीवाले जिंकले होते, पेढे वाटत होते, आणि मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं.

आत चुलीपुढे दोघी बसल्या होत्या. बहीण रडत नव्हती. "मत तुझं, अव्वा," ती म्हणाली, "आन मोडलं माझं."

अव्वाने हातातली भाकरी परातीत ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "तुझंच मोडलं. सगळं ठावं हुतं मला. वरच्याच घरात मारायची म्हणून गेले हुते. पण तितं पडद्याआड एकटी उभी राह्यले, आन त्यो दार वाजवाय लागला."