पट्ट्याची उलटी बाजू

"उलट्या बाजूला कोण बघतंय?" असं मी एकदा चाचांना विचारलं होतं. क्रांती चौकामागच्या गल्लीत त्यांचं चामड्याच्या पिशव्यांचं दुकान आहे. शिकवण्या बंद केल्यावर, पंचेचाळिशीत, मी त्यांच्याकडे काम शिकायला जाऊ लागले. धीर हा गुण माझ्यात कधीच नव्हता. रंग चढवायला मात्र फार आवडे. वरची बाजू चमकली की माझ्या लेखी काम संपलं. चाचा एवढंच म्हणाले, "बघत नाय कुणी. पर अंगाला तीच लागती." मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

चाचांचा एक रिवाज होता. नवी पिशवी जुम्म्याला ते स्वतः पांढऱ्या कुर्त्यावर अडकवून फिरत आणि मगच विकायला टांगत. माझी पहिली पिशवी, किरमिजी, लांब पट्ट्याची, मी या परीक्षेला बसवलीच नाही. ते नमाजला गेले असताना एका गिऱ्हाइकाला परस्पर देऊन टाकली. आल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले.

आठच दिवसांत ते गिऱ्हाईक परत आलं. गंगापूरकडच्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, जीपनं आलेल्या. पिशवी ठेवून त्यांनी आमच्याकडे पाठ केली. पांढऱ्या कोटावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका लाल पट्टा उमटला होता.

"लई धुतला, निघंना," त्या म्हणाल्या. "पेशंटच मला इचारायलेत, सिस्टर, तुम्हाला कुठं लागलं?"

मी तोंड उघडायच्या आत चाचांनी हात जोडले. "गलती आमच्या दुकानाची हाय. कोट नवा शिवून देतो. पिशवी पुढच्या शनिवारी घेऊन जावा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते रागावले असते तर मी उलटून बोलले असते. आता मी खाली बघून पिशवीचा पट्टा चाचपत राहिले.

त्यांनी पट्टा उसवून माझ्यापुढे टाकला. आधी कोरड्या फडक्यानं उलटी बाजू घासायची, फडक्याला रंग लागेनासा होईपर्यंत. मला वाटलं तासाभराचं काम. दोन दिवस गेले. मग चिंचोक्याची पातळ खळ लावायची आणि ती अर्धवट वाळली की काचेच्या बाटलीच्या बुडानं दाबून घोटायचं. उभे राहिलेले तंतू तेल लावून चापलेल्या केसांसारखे बसतात. शेवटी मेणाचा हात. माझे खांदे भरून आले तेव्हा चाचांनी बाटली घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात एका चालीत जात होता, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. जी बाजू कुणी बघणार नाही तिच्यावर एवढा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची लाजही.

शुक्रवारी ते आले ते करकरीत नवा कुर्ता घालून. रविवारी नातीचा निकाह होता, त्यासाठी शिवलेला. त्यावर माझी पिशवी अडकवू लागले तेव्हा मी पुढे होऊन पट्टा धरला.

"चाचा, जुना घाला ना."

"जुन्यावर आधीच धा डाग हैत. अकरावा दिसंल का?"

आणि गेले. नमाज, मग मुकुंदवाडीला नातीच्या घरी, येताना अर्धी वाट पायी, आणि उन्हाळा तर असा की डांबर चपलेला चिकटावं. दुकानात बसून मी दिवसभर कशालाही हात लावला नाही. निकाहात आजोबांच्या पाठीवर माझा लाल पट्टा, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

चारला ते घामानं निथळत परतले. पिशवी काढली आणि सिस्टरांसारखीच माझ्याकडे पाठ केली. कुर्ता अंगाला चिकटला होता. मी खांदा पाहिला, पाठ पाहिली, कमरेपाशी वाकून पाहिलं. पांढराशुभ्र.

"उद्या सिस्टरला तूच दे," ते वळून म्हणाले. "आन सांग, हे काम तुझं हाय म्हणून."

चूक झाली तेव्हा ती दुकानाची होती; काम जमलं तेव्हा ते माझं. मी पिशवी घेतली आणि त्यांच्यादेखत रडले.