रेषेतलं गवत

"भारा खाली टाक."

साहेब जीपमधून पुरता उतरलाही नव्हता. एक पाय आत, एक पाय बाहेर. आबांनी भारा खाली टाकला. आबा म्हणजे माझे वडील. बारा वर्षं रोजंदारीवर डोंगराची वणव्यापासून राखण करणारा माणूस. त्यांच्या मागे मी होते. माझ्याही डोक्यावर भारा होता. मीही टाकला. माझ्या मागे वस्तीतल्या सात-आठ बाया होत्या, त्या वाटेतच थबकल्या.

"कुणाचं गवत आहे रे हे?"

"रेषेतलं हाय साहेब. कापल्यापून तसंच पडून हाय, म्हून म्हणलं..."

"कुणाचं आहे ते विचारलं."

"सरकारचं हाय, साहेब."

"मग तुझ्या डोक्यावर कसं आलं?"

साहेब आबांच्या निम्म्या वयाचा होता. नवीन बदलून आलेला, इस्त्रीचा शर्ट. तो पुढे आला, आबांच्या भाऱ्यातून मूठभर गवत उपसलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"चारा पाहिजे ना? घे. दातात धर."

साहेबासोबत आलेला वनखात्याचा गार्ड हसला. तो आमच्याच भागातला होता, आबांच्या हातची भाकर खाल्लेला. तरी हसला. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. आणि तोंड उघडलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची. सातवीपर्यंत शिकलेली. 'दाती तृण धरणे' याचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न मला परीक्षेत आला होता. 'शत्रूने दाती तृण धरले,' असं मी लिहिलं होतं आणि गुरुजींनी त्यावर बरोबरची खूण केली होती. माझा बाप कुणाचा शत्रू होता ते मला आजवर कळलेलं नाही.

साहेबाने आम्हाला भारे परत डोंगरावर न्यायला लावले. जिथून उचललं तिथेच पसरायला लावलं. "जसं होतं तसं," म्हणाला. आम्ही वाकून वाकून वाळलेलं गवत रेषेत पसरत होतो आणि आबा दातात काडी धरून आमच्यासोबत पसरत होते. सगळं पसरून होईपर्यंत त्यांनी ती काडी काढली नाही. काढ असं कुणी सांगितलं नव्हतं ना.

खरं सांगते, त्या दिवशी मला साहेबापेक्षा आबांचा जास्त राग आला. घरी आल्यावर मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही.

रेषा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तिला जाळरेषा म्हणतात. डोंगराला वेढा घालून बैलगाडीच्या वाटेएवढा पट्टा मोकळा करायचा. गवत नाही, पाला नाही, नुसती माती. वणवा आला की तिथवर येतो, पुढे खायला काही मिळत नाही, मरतो. एवढी साधी गोष्ट आहे. माघात गवत कापायचं, चार दिवस वाळू द्यायचं आणि सकाळी वारा पडलेला असताना, दोन्ही अंगांना माणसं उभी करून, पट्ट्यातल्या पट्ट्यात जाळून टाकायचं. आबा हे काम झोपेतही करू शकले असते. कुठल्या खिंडीत वारा कधी फिरतो हे त्यांना ठाऊक होतं.

पण रेषा जाळायला लेखी परवानगी लागते. ती दरवर्षी यायची. त्या वर्षी आली नाही.

त्या वर्षी पाऊस आला नव्हता, त्याऐवजी जिल्हा आला होता. लातूर जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले होते. आता कचेरी जवळ आली, सकाळी गेलेला माणूस दुपारी जेवायला घरी, असं जो तो म्हणायचा. आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून तुटलेली. डोंगर ओलांडला की नांदेडची शीव. पेढे आमच्यापर्यंत पोचले नाहीत, ते सोडा. पण आमच्या डोंगराचे कागदही नव्या जिल्ह्यात पोचले नाहीत. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत विचारलं तर म्हणायचे, तुम्ही आता तिकडचे. नव्या कचेरीत विचारलं तर म्हणायचे, तिकडून कागद येऊ द्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा कारभार. इथे तर दळायलाही कुणी बसलं नव्हतं.

कापलेलं गवत महिनाभर रेषेत पडून राहिलं. आणि खाली आमच्या वस्तीत दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललेलं. आमच्या घरी एक गाय होती, कपिली. तिच्या फासळ्या लांबून दिसायच्या. आई तिला घराच्या छपरातलं जुनं कुजकं गवत ओढून घालायची. वर डोंगरावर पवन्याचं गवत वाळून पडलेलं आणि खाली जनावर छप्पर खातंय.

आबांनी सरळ विचार केला. जाळायला परवानगी नाही, तर उचलू. रेषाही मोकळी होईल, जनावरंही जगतील. त्यांनी गार्डला विचारलंसुद्धा होतं. गार्ड म्हणाला होता, "न्या की. कोण बघून राहिलंय?"

बघायला साहेब आला. बाकी तुम्हाला सांगितलंच.

चैत्रात एका दुपारी वरच्या कड्यावर धूर दिसला. आग कुठून आली, कुणी लावली, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. आबा जेवत होते. ते ताटावरून उठले, धोतर खोचलं, कुऱ्हाड घेतली.

"घाबरू नगं पोरी, रेषेपाशी..."

आणि तिथेच थांबले. त्यांच्या तोंडावर मी जे बघितलं, तसं नंतर कधी बघितलं नाही. रेषेत आम्ही हाताने पसरलेलं गवत होतं.

वणवा रेषेपाशी आला आणि थांबला नाही. उलट रेषेनेच पळाला. वळणावळणाने, डोंगराला वेढा घालत. आम्हीच त्याला वाट करून दिली होती. अर्ध्या तासात डोंगराच्या चारी अंगांना आग होती.

वस्तीतली बाया-माणसं हिरवे डहाळे तोडून आग झोडपायला धावली. आबांनी मला ओरडून सांगितलं, "ऑफिसात जा! गाडी आन माणसं घिऊन ये!" मी अनवाणी पळाले. ऑफिस दीड कोसावर, बाजाराच्या गावात. तिथे एक कारकून पंख्याखाली बसला होता. मी दारातूनच सांगितलं की डोंगर पेटलाय. त्याने मला बाहेर उभं केलं, भिंतीवरचा नकाशा बघितला, एक वही उघडली, मग दुसरी उघडली.

"तो कक्ष आपल्याकडे वर्ग झालेला नाही अजून," तो म्हणाला.

मला समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं, तेही शांतपणे. डोंगराचा तो भाग कागदावर अजून जुन्या जिल्ह्यात आहे. इकडची गाडी तिकडे पाठवता येत नाही. वरून तार आली तर बघू.

"साहेब, आगीला कसं कळंल ते?" मी म्हणाले.

आत बसलेले दोघे जण हसले. मला चांगलं आठवतं, त्यातल्या एकाला हसता हसता ठसका लागला आणि दुसऱ्याने त्याला पाणी दिलं. मी दीड कोस पळत आले होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मला कुणी पाणी दिलं नाही.

मी एकटीच परत आले. तोवर डोंगर संपला होता. सागाचे खुंट नुसते धुमसत होते. आबा एका दगडावर बसलेले, तळपाय भाजून कातडं लोंबत होतं. ते मला एवढंच म्हणाले, "कुणी आलं न्हाई?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मात्र वरातीमागून घोडं आलं. तीन जीपा आल्या. विझवायला कुणी नव्हतं, राखेचा पंचनामा करायला सगळे होते. दोन्ही जिल्ह्यांचे. काल ज्या डोंगराला धनी नव्हता, त्याला आज दोन-दोन धनी.

आबांना बोलावणं आलं. पायाला चिंध्या बांधलेल्या, म्हणून मी त्यांना धरून नेलं. गार्डच्या क्वार्टरपुढे टेबल मांडलेलं, साहेब खुर्चीत, वस्तीतली माणसं दूर झाडाखाली उभी केलेली. कागद आधीच लिहून ठेवला होता. शाईचा पॅड उघडलेला होता. गार्डने आबांचा अंगठा धरून शाईत बुडवला.

साहेबाचा आवाज त्या दिवशी एकदम मऊ. "रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी चालली आहे. तुझं नाव मी वर टाकलंय. बारा वर्षं झाली ना तुला? अंगठा कर."

बारा वर्षं आबा याच एका शब्दाची वाट बघत होते. कायम. घरात कुणाचं लग्न असो की मयत असो, ते म्हणायचे, एकदा कायम झालो की बघ. माझं शिक्षण सातवीला थांबलं तेव्हाही हेच म्हणाले होते.

कागद टेबलावर माझ्यासमोर होता. उलटा होता, पण मला वाचता येत होतं. वस्तीतले लोक चोरून गवत कापताना विडी ओढत होते, त्या विडीने आग लागली, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, असं आबांच्या नावाने लिहिलेलं. खाली पाच नावं होती. वस्तीतल्या पाच कर्त्या माणसांची नावं. त्यातला एक तर वणव्यात माझ्या बापाला पाठीवर घेऊन खाली आलेला.

मी ते मोठ्याने वाचलं. झाडाखालच्या माणसांना ऐकू जाईल असं. पाचही नावं वाचली.

"ए, तुला कुणी विचारलं?" साहेब म्हणाला.

"आबाला बी कुणी इचारलं न्हाई. लिहून ठिवलंय तुमी."

सकाळीच डोंगरावर जाऊन मी रेषेतून मूठभर गवत उचलून पदरात बांधून आणलं होतं. खडकाच्या आडोशाला अर्धवट जळून उरलेलं. का आणलं होतं ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. मी पदर सोडला आणि ते टेबलावर ठेवलं, त्या कागदावरच.

"हे रेषेतलं हाय. आमी उचलून नेत व्हतो. तुमी परत पसरायला लावलं. हे बी लिव्हा कागदात."

साहेबाने गवताकडे बघितलं. गार्डने दुसरीकडे बघितलं. मग साहेब आबांकडे वळला. "पोरीला आवर. आणि अंगठा कर. नाहीतर उद्यापासून कामावर यायचं नाही."

आबा बराच वेळ टेबलावरचं ते गवत बघत राहिले. मला वाटलं, आता वाकतील. मला माझ्या बापाची ओळख तेवढीच होती. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, तर त्यांनी तो काढून घेतला. मग त्यांनी शाईचा अंगठा सावकाश आपल्या धोतराला पुसला. एकदा पुसला, दोनदा पुसला, शाई जाईना तर थुंकी लावून पुसला.

"त्या दिशी तुमी दातात काडी दिली, मी धरली," ते म्हणाले. "चूक झाली मपली. ही न्हाई धरायचो."

आणि त्या भाजलेल्या पायांनी, माझा आधार न घेता, झाडाखाली आमच्या माणसांत जाऊन उभे राहिले.

पुढे सगळं नीट झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्यांच्या अंगठ्याशिवाय पाच माणसांवर केस उभी राहिली नाही, एवढंच. आबांचं नाव हजेरीतून गेलं. बारा वर्षं काम केल्याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. कपिली त्याच महिन्यात बसली ती उठली नाही. साहेब बढतीवर गेला. आबा म्हातारपणी लंगडत चालायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, वणव्यात काम करताना भाजलो. सरकारी काम होतं असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

मी त्यांना त्या दिवशी पाणी दिलं नव्हतं, याची माफी मागायची राहूनच गेली. ते मला सलतं.

आता लातूर जुना जिल्हा झाला. कागद केव्हाच वर्ग झाले. आता आग लागली की वरून उपग्रहाला दिसते म्हणे आणि साहेबाच्या मोबाइलवर मेसेज येतो. मेसेज येतो, माणूस येत नाही. जाळरेषा दरवर्षी कागदावर निघते. डोंगरावर जाऊन बघा, गुडघ्याएवढी कुसळं उभी असतात. आणि दर चैत्रात पंचनामा होतो. त्यात विडी असते. ती विडी आमच्याच वस्तीतल्या माणसाच्या तोंडात असते.

पौष लागला की मी अर्ज लिहिते. रेषेतलं गवत उचलू द्या, एवढाच. ऑफिसात देते, शिक्का मारलेली पोच घेते. ती पोच आबांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवते. उत्तर एकाही अर्जाला आलेलं नाही.

उत्तराची वाट बघायचं मी सोडून दिलंय. माघात बुद्धविहारापुढे आम्ही वस्तीतल्या बाया जमतो, विळे घेतो आणि डोंगरावर जातो. रेषा आम्ही काढतो. मातीपर्यंत काढतो. तिच्यात एक काडीही ठेवत नाही. मग भारे डोक्यावर घेऊन त्याच वाटेने खाली येतो, दिवसाढवळ्या, गार्डच्या क्वार्टरसमोरून. परवा एक नवा साहेब वाटेत जीप आडवी घालून उभा होता. तरणाच आहे, नुकताच बदलून आलाय.

"भारा खाली टाका," म्हणाला.

मी टाकला नाही. माझ्या मागे वीस बाया होत्या, त्यांनीही टाकला नाही. मी त्याला म्हणाले, "केस करा. नाव लिव्हून घ्या, मी सांगते तसं लिव्हा. भारा घरी जाईल."

आम्ही जीपला वळसा घालून घरी गेलो.