थोडं उदास बसा

बारावी झाल्यावर मी कल्याणच्या एका कला संस्थेत फाउंडेशनला प्रवेश घेतला. म्हणजे पदवीच्या आधीचं एक वर्ष. बाबांनी नातेवाइकांना ते 'कॉलेजच्या आधीचं कॉलेज' असं समजावलं आणि नातेवाइकांनी त्यावरून मी नापास झाले असं ठरवून टाकलं. संस्था दुसऱ्या मजल्यावर होती. खाली मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम. मिरच्यांची पोती उतरायला लागली की आमचा अख्खा वर्ग शिंकायचा आणि कोळशानं काढलेली चित्रं पुसली जायची.

पहिल्या महिन्यातच आम्ही सगळे चित्रकार झालो. चित्रं यायची होती, बाकी सगळं आलं होतं. मी खादीचा ढगळ कुर्ता घेतला, अंबाड्यात पेन्सिल खोचली आणि दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी आईला सांगायला लागले की तुम्हा लोकांना करडा रंग दिसतच नाही. आई तेव्हा नळाला कान लावून पाणी येतंय का ते ऐकत होती.

आमचे सर पन्नाशीचे होते, केस मागे बांधलेले. त्यांना स्वतःचं चित्र काढताना कुणी पाहिलं नव्हतं, पण आमच्या चित्रांवर ते जाड पेन्सिलीनं बिनधास्त रेघा ओढायचे. त्यांचा आवडता शब्द 'वेदना'. टेबलावर पितळी तांब्या आणि प्लास्टिकचं सफरचंद मांडायचे आणि विचारायचे, यातली वेदना कुठाय? आम्ही तांब्याची सावली आणखी काळी करायचो. त्यांचं समाधान व्हायचं.

दिवाळीनंतर समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढायचे तास सुरू झाले. इमारतीचा वॉचमन मॉडेल म्हणून बसायचा, पण दर पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजायचा आणि तो गावाकडच्या जमिनीबद्दल भांडायला लागायचा. सर वैतागले. म्हणाले, ज्याच्या चेहऱ्यावर जगणं उमटलंय असं एखादं कष्टकरी माणूस आणा. मी लगेच हात वर केला.

माझी सख्खी मावशी वागळे इस्टेटमध्ये स्विच बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला होती. काका लवकर गेले, दोन मुलं तिनं एकटीनं वाढवली. सरांना सांगताना मी यातलं वैधव्य जरा ठळक केलं. सरांचे डोळे चमकले.

मावशी तर हरखूनच गेली. विहारातल्या बायकांना सांगून झालं, कंपनीत सांगून झालं. सुट्टीच्या दिवशी ती आली ती मोरपंखी रेशमी साडीत, केसात गजरा, सोनेरी काडीचा चष्मा, मनगटावर कंपनीनं दिलेलं घड्याळ. गोल, तुकतुकीत चेहरा, सुरकुती शोधावी लागेल असा. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही तीच मावशी ना? मग त्यांनी गजरा काढायला लावला, पदर डोक्यावर घ्यायला लावला.

"चष्मापण काढा जरा, मावशी."

"चष्मा काढला तर मला काही दिसत नाही, सर."

"तुम्हाला बघायचं नाहीये. फक्त बसायचंय."

मावशीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. सर दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आता थोडं उदास बसा."

कशाबद्दल, असं मावशीनं विचारलं. आयुष्याबद्दल, असं सर म्हणाले. तिनं मनापासून प्रयत्न केला. पण समोर वीस-बावीस मुलं एक डोळा मिटून, पेन्सिली नाकासमोर धरून तिला मोजत होती. तिला राहून राहून हसू फुटत होतं. तेवढ्यात खाली मिरच्यांचा टेम्पो लागला. तिखट वास वर आला आणि मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सर दबक्या आवाजात म्हणाले, हेच, हेच पकडा. आम्ही सगळ्यांनी पकडलं.

बाकीच्यांना ती नवी होती. मी तर तो चेहरा जन्मल्यापासून बघत होते. मला पोहायला, सायकल चालवायला तिनंच शिकवलं. तरी मी तिच्या गालावर तिला नसलेल्या सुरकुत्या घातल्या, मान वाकवली, रेशमी पदर फाडून टाकला. सर माझ्यामागे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, तू हिला पाहिलंयस. मावशीनं चित्र मागितलं तेव्हा मी ते अपुरं आहे म्हणून उलटं करून ठेवलं.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनात ते दारासमोरच्या भिंतीवर लागलं. सरांनी त्याला 'श्रम' असं नाव दिलं. पाहुणे म्हणून एक बिल्डर आले होते. ते छातीवर हात ठेवून चित्रासमोर उभे राहिले आणि हे आपल्या नव्या ऑफिसला हवं म्हणाले. सर कमरेत वाकले. मी हवेत होते, तेवढ्यात मावशी आली. मी तिला बोलावलं नव्हतं. आईनं सांगितलं होतं.

तिनं चित्र पाहिलं. खालची पाटी वाचली.

"ही कोण गं?"

"तू."

ती परत चित्राकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला मी अशी दिसते?"

मी अभिव्यक्ती, आशय असलं काहीतरी बडबडले. सरांचेच शब्द होते ते. मावशी बरं म्हणाली.

सरांनी तिची बिल्डरशी ओळख करून दिली. बिल्डरनी तिच्या साडीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि त्यांची जरा निराशाच झाली. तरी त्यांनी हात जोडले आणि तुमच्यासारख्यांच्या कष्टांपुढे आम्ही कोण, असं म्हणाले. मावशीनंही हात जोडले.

"सर, मी दिव्याला तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. पाणी दिवसाआड येतं, तेपण अर्धा तास. ऑफिसात तुम्ही भेटत नाही, म्हणून इथं विचारते. लाइन कधी देणार?"

बिल्डरनी बघू, बघू म्हणत घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या मुलाच्या अमूर्त चित्राकडे वळले. मावशी त्यांच्यामागे गेली आणि तिथंही तेच विचारलं. ते पुढच्या चित्राकडे सरकले, ती पण सरकली. असं त्या दोघांनी मिळून पूर्ण प्रदर्शन पाहिलं.

ती गेल्यावर सर मला म्हणाले की कलेच्या जागी नळाचा विषय शोभत नाही, माणसं आणताना विचार करावा. तेव्हा मी काही बाणेदार बोलले असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी सॉरी सर म्हटलं.

मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. चित्र बिल्डरच्या ऑफिसात गेलं. लाइन आली नाही. पण आठवडाभर मावशीच्या बिल्डिंगखाली रोज टँकर उभा राहिला. त्या वर्षी आमच्या अख्ख्या वर्गाच्या कलेतून निघालेलं उपयोगाचं म्हणावं असं तेवढंच.

मे महिन्यात मी बोर्ड घेऊन मावशीच्या घरी गेले. ती शेंगा सोलत टीव्हीवर मालिका बघत होती, मध्येच खलनायिकेला शिव्या घालत होती. मी काढायला बसले. तीन कागद फाडले. वर्षभरात हसणारं माणूस आम्हाला कुणी काढायला लावलंच नव्हतं. गाल जमेनात, तोंड वाकडं व्हायचं. चौथा कागद तिनं मला न विचारता काढून घेतला, नाक आईवर गेलंय म्हणाली, आणि फ्रिजवर चिकटवला.