वाफ्यातली लाल कर्दळ

कर्दळीच्या ओल्या पानांचा वास आला की नव्यानं वसणारं गुडगाव आठवतं; सगळीकडे धूळ, आणि कॉलनीच्या टोकाला बाबांनी खडी भरून केलेला कर्दळीचा वाफा. कॉलनीचं सांडपाणी त्यातून गाळलं जाऊन बागेतल्या झाडांना जायचं. "पाणी बिल्कुल स्वच्छ होतं," असं नाक मुरडणाऱ्या शेजाऱ्यांना बाबा ठासून सांगायचे. एका गणेशचतुर्थीला लाल फूल कुठेच मिळेना, तेव्हा आई वाफ्यातली फुलं घेऊन आली. बाबा दचकले, "अगं, ही देवाला?" आई म्हणाली, "अहो, स्वच्छ होतं ना पाणी?" बाबांनी फूल घेतलं, नळाकडे वळले, थबकले, आणि तसंच गणपतीला वाहिलं. आज माझ्या घरीही सांडपाण्यावर कर्दळ फुलते. फूल वाहताना माझा हात मात्र अजून आधी नळाकडेच जातो.