एक मेची जिलेबी

आज सकाळी खिडकी उघडली आणि तळणीचा, पाकाचा वास थेट घरात शिरला. कोल्हापुरात झेंडावंदन उरकलं की जिलेबीची पुडी घेऊनच घरी परतायचं, ही रीत. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी तर झालंच. आमच्या चौकात महाराष्ट्र दिनालाही कढई चढते. मोबाइलवर उजाडल्यापासून दिनविशेष येऊन आदळतायत: आजच्या दिवशी राज्य झालं, अमुक झालं, तमुक झालं. जे व्हायचं राहिलं, त्याची ओळ त्यात कधी नसते. माझं डोकं तिथंच फिरतं.

आईचं माहेर निपाणीच्या पलीकडं. ती परकरी पोर होती तेव्हा महाराष्ट्र झाला आणि तिचं गाव मात्र सीमेपलीकडच्या राज्यातच राहिलं. गाव इकडं येईल तेव्हाच या दिवशी जिलेबी खायची, असं तिच्या वडिलांनी घरात ठरवून टाकलं. आजोबा गेले, मामा गेला; पाळणारी आई तेवढी उरली. एरवी ती जिलेबीवर यथेच्छ ताव मारते, पण आज तोंडाला लावणार नाही. दरवर्षी मी वैतागतो, समजूत घालतो. पण सांगणार काय तिला? कोर्टाच्या तारखा, की निवडणुकीपुरता गळा काढणारे पुढारी?

यंदा सुट्टी म्हणून मामाचा मुलगा गावाहून आला, तोही नेमका जिलेबीचा बॉक्स घेऊन. "खा की आत्ती," तो आईला म्हणाला. "आमचं काय अडलंय तिकडं? पोरं कन्नड शाळंत हायती, शेताला पाणी हाय." माझं टाळकंच सरकलं. पण खोटं काय बोलत होता तो? त्याचा जन्मच तिकडचा, त्याला तेच आपलं.

आईनं बॉक्सचं झाकण घट्ट लावलं आणि तो त्याच्याच पिशवीत परत ठेवला.

"पोरांस्नी दे. मी का खात न्हाय, ते त्यांस्नी सांगू नगंस."

तो गेला. आईनं नेहमीसारखी माझ्या ताटात चौकातली जिलेबी वाढली आणि स्वतः आमटी-भात कालवायला घेतला. मलाही तिनं या दिवशी जिलेबी सोड असं कधी म्हटलं नव्हतं, हे आज लक्षात आलं. इतकी वर्षं तिच्या हट्टावर चिडत होतो. आज चिडलोय ते तो हट्ट तिच्यापाशीच संपणार म्हणून. एक मे येत राहील, चौकात कढईही चढेल. वाट बघणारं माणूस तेवढं नसेल, आणि त्यावाचून कुणाचंच काही अडणार नाही.